कोल्ड्रिंकच्या बाटलीमागचे आकडे वाचता का तुम्ही?

अबोली_पुणे | १८ एप्रिल, रात्री १०:४०

गेले दोन दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतेय.

माझा मुलगा १३ वर्षांचा, वजन ४२ किलो. परीक्षा संपल्यापासून संध्याकाळी ५ ते ७ क्रिकेटच्या कॅम्पला जातो. गेले पंधरा दिवस त्याला रात्री साडेबारापर्यंत झोप येत नव्हती. मी रोज मोबाइलवरून त्याला बोलत होते, शेवटी मोबाइल काढूनही घेतला. तरी डोळे टक्क उघडे.

परवा दाताला थंड लागतंय म्हणाला, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा दिला आणि वरचे पुढचे दात दाखवले. हिरडीच्या जरा खाली, खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. मग त्यांनी मला नाही, त्यालाच विचारलं, "काय पितोस रे तू?" तिथे खुर्चीत आडवा असतानाच त्यानं सांगितलं. कॅम्प सुटला की सगळी मुलं मैदानाबाहेरच्या टपरीवर थांबतात आणि २० रुपयांची एनर्जी ड्रिंकची छोटी बाटली पितात. रोज. खाऊच्या पैशातून.

घरी येऊन त्याच्या किटबॅगेतून रिकामी बाटली काढली. अक्षरं इतकी बारीक आणि वेष्टन इतकं गोल की चष्मा लावूनही वाचता येईना. शेवटी मोबाइलनं फोटो काढून मोठा केला. साखर, कॅफीन, मग आम्लता नियंत्रक ३३०, ३३१, प्रिझर्व्हेटिव्ह २११, २०२, स्वीटनर ९५०, ९५५, कृत्रिम रंग. आणि अगदी खाली, शिवणीला लागून : लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी शिफारस नाही, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये. जो हे पितोय त्याला ते दिसतच नाही हो.

दुसरी गोष्ट. १ मेला आमच्या सोसायटीत झेंडावंदनानंतर मुलांच्या शर्यती असतात. ९० मुलं असतील. कमिटीनं दरवर्षीप्रमाणे दोन क्रेट कोला आणि दोन क्रेट ऑरेंज सांगायचं ठरवलंय. पुढच्या रविवारी मीटिंग आहे आणि मला तिथे बोलायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर तासाभरात २११ म्हणजे कॅन्सर, ९५१ म्हणजे मेंदू खलास, अमेरिकेत सगळं बंद, असे चाळीस मेसेज आले. मला कुणाला घाबरवायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही. खरं असेल तेवढंच बोलायचंय. जाणकारांनी मदत करा.

पर्वती_पायथा | १८ एप्रिल, रात्री ११:०५

आमच्याकडेही हेच. भाचा दहावीच्या अभ्यासासाठी म्हणून पीत होता. वाचतेय.

प्रयोगशाळा_३० | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

अबोलीताई, मी ३० वर्षं खाद्यपदार्थांच्या तपासणीत काढली, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल, पण विषय तसा आहे.

हे आकडे म्हणजे पदार्थांना जगभर दिलेले क्रमांक. १०० च्या घरात रंग, २०० च्या घरात टिकाऊपणासाठी घालायचे पदार्थ, ३०० च्या घरात आम्लं आणि अँटिऑक्सिडंट, ४०० च्या घरात घट्टपणा आणणारे किंवा तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे, ९५० च्या आसपास कृत्रिम गोडी. आकडा दिसला म्हणजे विष, असं नाही. ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व.

२११ हे सोडियम बेन्झोएट. बुरशी आणि यीस्ट वाढू देत नाही, आणि आंबट पदार्थातच नीट काम करतं, म्हणून शीतपेयं, लोणची, सॉस यांत सर्रास असतं. एकटं असताना, ठरलेल्या मर्यादेत, त्यानं कॅन्सर होतो असा पुरावा नाही. अडचण दुसरीकडे आहे. त्याच बाटलीत ३००, म्हणजे क जीवनसत्त्वही असेल आणि बाटली उन्हात, उष्णतेत पडून राहिली, तर दोघांच्या अभिक्रियेतून थोडं बेन्झीन तयार होऊ शकतं. बेन्झीनमुळे माणसाला रक्ताचा कॅन्सर होतो याबद्दल मात्र शंका नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००५-०६ मध्ये बाजारातली पेयं तपासली तेव्हा बहुतेकांत ते नव्हतं किंवा अगदी नगण्य होतं, पण काहींत पिण्याच्या पाण्याच्या त्यांच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे अब्जात ५ भागांपेक्षा जास्त निघालं. त्या कंपन्यांना मिश्रण बदलावं लागलं. साखर या अभिक्रियेला थोडी आडकाठी करते, त्यामुळे बिनसाखरेच्या प्रकारांत हा धोका जास्त.

म्हणजे मीटिंगमध्ये "२११ म्हणजे कॅन्सर" म्हणू नका. "२११ आणि ३०० एकाच बाटलीत असतील आणि ती उन्हात तापलेली असेल तर घेऊ नका" असं म्हणा. कोलात सहसा ३०० नसतं. ऑरेंज-लेमनच्या बाटल्यांवर बघा.

तुमच्या मुलाच्या बाटलीत मला सगळ्यात जास्त खटकतंय ते आकड्यातलं काहीच नाही. कॅफीन आणि साखर. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. २५० मिलीच्या बाटलीत वरची मर्यादा धरली तर ७५ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम हा आकडा धरला. ४२ किलोला १२६. एका बाटलीत अर्ध्याहून जास्त संपले. वर घरचा चहा, चॉकलेट. शिवाय कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सव्वासातला प्यायलेलं रात्री बारा वाजताही निम्मं अंगात आहे. पोराच्या मोबाइलचा यात दोष असेल-नसेल, झोप उडायला एवढंही पुरेसं आहे.

अबोली_पुणे | १९ एप्रिल, सकाळी ७:५०

काका, शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. पंधरा दिवस बोलत होते मी त्याला. आजच मोबाइल परत देते आणि सॉरी म्हणते.

विनय_को | १९ एप्रिल, सकाळी ९:३०

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. हे सगळे पदार्थ सरकारमान्य आहेत, मर्यादा ठरलेल्या आहेत, तपासण्या होतात. वर्षातून एकदा १ मेला एक ग्लास ऑरेंज प्यायलं म्हणून काही होत नाही. रोज पिणारा मुलगा आणि वर्षातून एकदाचा कार्यक्रम या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना सगळ्याचीच भीती घातली तर कॉलेजात गेल्यावर ती दुप्पट पितात. माझ्या बहिणीचं असंच झालं. घरात बिस्किटसुद्धा येत नव्हतं, आणि होस्टेलला गेल्यावर दोन वर्षांत १८ किलो वजन वाढवून आली.

प्रयोगशाळा_३० | १९ एप्रिल, सकाळी १०:१०

विनय, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मला निम्मा पटतो. एका ग्लासानं काही होत नाही. पण मर्यादा ठरवताना रोजचा वापर आणि शरीराचं वजन धरलेलं असतं. जेवढं पेय तुम्हाआम्हाला चालतं तेवढ्यात २० किलोच्या पहिलीतल्या मुलाची मर्यादा गाठली जाऊ शकते. शर्यतीत पहिलीतलीही मुलं असणार.

रंगांचंही सांगून टाकतो. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनला तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला, लॅन्सेटमध्ये छापून आला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांचं मिश्रण दिल्यावर मुलांची चळवळ सरासरीनं वाढलेली दिसली. परिणाम मोठा नव्हता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि रंगामुळे की बेन्झोएटमुळे हे त्यातून वेगळं काढता येत नाही. तरी युरोपनं २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर "मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो" अशी सूचना छापणं सक्तीचं केलं. त्यातले टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसिन १२२, पॉन्सो ४आर १२४ हे चार आपल्याकडे चालतात, आणि आपल्या वेष्टनावर ती सूचना नसते. नारंगी पेयात बहुधा ११० सापडेल.

दातांची_डॉक्टर | १९ एप्रिल, दुपारी २:२०

अबोली, तुमच्या डॉक्टरांनी मुलालाच विचारलं ते फार बरं केलं. आईला विचारलं की मूल गप्प बसतं.

ती पांढरी रेघ म्हणजे दातावरच्या कवचातलं खनिज निघून जायला लागल्याची खूण. अजून खड्डा पडलेला नसेल तर ती थांबवता येते, थोडी भरूनही येते. तोंडातला सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५.५ च्या खाली गेला की कवच विरघळू लागतं. कोलाचा सामू २.५ च्या जवळपास असतो. त्यात साखर म्हणजे जंतूंना खाऊ, आणि जंतू पुन्हा आम्ल करतात. दोन्ही बाजूंनी मार.

पण एक लक्षात घ्या, लिंबाचा रसही तेवढाच आंबट असतो. फरक पडतो तो पिण्याच्या पद्धतीनं. लाळ हे आम्ल धुऊन काढते, त्याला अर्धा तास तरी लागतो. एका बैठकीत संपवलं तर एकदाच मार. बाटली बॅगेत ठेवून दोन तास घोट-घोट पीत राहिलं तर दोन तास मार. आणि तुमचा मुलगा खेळून आलेला, घामानं तोंड कोरडं पडलेलं, लाळ आधीच कमी. त्या वेळी दातांचं सर्वात जास्त नुकसान होतं. माझ्याकडे बॅडमिंटन आणि फुटबॉलवाली मुलं अशीच येतात, दिसायला ठणठणीत आणि समोरचे दात खडूसारखे.

आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू देऊ नका, मऊ पडलेलं कवच घासून निघतं. साध्या पाण्यानं चूळ, ब्रश अर्ध्या तासानंतर. आणि "रात्रभर दात कोलात ठेवला तर सकाळी नाहीसा होतो" असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं तर होकार देऊ नका. तसं होत नाही. पहिलीच गोष्ट खोटी निघाली की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

न्यूजर्सीकर | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:००

इकडे २०२४ मध्ये ब्रोमिनेटेड व्हेजिटेबल ऑइल बंद केलं, संत्र्या-लिंबाच्या पेयात घालत असत ते. लाल रंग क्रमांक ३ वरही २०२५ च्या जानेवारीत बंदी जाहीर झाली. भारतात हे सगळं अजून चालतं, म्हणून तिकडची ऑरेंज पेयं मुलांना देऊ नका असं मी नातेवाइकांना नेहमी सांगतो.

प्रयोगशाळा_३० | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

यातलं निम्मं उलटं आहे. ते ब्रोमिनवालं तेल भारतानं शीतपेयांत १९९० पासूनच बंद केलेलं आहे. अमेरिकेनं चौतीस वर्षांनी केलं. आपल्याकडे त्या जागी ४४५ वगैरे वापरतात. लाल ३, म्हणजे १२७ एरिथ्रोसिन, आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहे हे खरं. तिकडचं सगळं चांगलं आणि इकडचं सगळं वाईट, असं या विषयात कधीच नसतं, एकेक पदार्थ घेऊन बघावं लागतं.

नारायणपेठ | १९ एप्रिल, रात्री ८:३०

मला २००३ चा ऑगस्ट आठवतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं, सुनीता नारायण यांच्या संस्थेनं, १२ ब्रँडच्या शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि संसदेत गदारोळ झाला. संयुक्त संसदीय समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले शरद पवार. २००४ च्या फेब्रुवारीत अहवाल आला आणि संस्थेचे निष्कर्ष बरोबर असल्याचं समितीनं म्हटलं. तेव्हा आमच्या वाड्यात आईनं कोल्ड्रिंक बंद केलं ते आजतागायत. इतकं होऊन पुन्हा तेच विष आपण विकत घेतो.

प्रयोगशाळा_३० | १९ एप्रिल, रात्री ९:१०

आठवण अगदी बरोबर. फक्त मीटिंगमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देऊ नका. २००३ चं प्रकरण कीटकनाशकांचं. ती कुणी मुद्दाम घातलेली नव्हती, मुख्यतः भूजलातून आली होती. आज आपण बोलतोय ते मुद्दाम घातलेल्या, वेष्टनावर छापलेल्या पदार्थांबद्दल. पहिल्यावर उपाय पाणी शुद्ध करण्याचा आणि कडक मानकांचा. दुसऱ्यावर उपाय वाचण्याचा.

बिबवेवाडी_किराणा | १९ एप्रिल, रात्री ११:३०

दुकान बंद करून लिहितोय. प्रयोगशाळाकाकांनी उन्हाचं लिहिलंय ते वाचून मला राहवलं नाही.

आमच्याकडे माल सकाळी अकरा-साडेअकराला उतरतो. गाडीवर ताडपत्री असली तरी मागची दोन-तीन क्रेट उघडीच असतात. एप्रिलमध्ये पुण्यात ३९-४० असतं, क्रेट हातात घेतली तर प्लॅस्टिक पोळतं. छोट्या दुकानात जागा नाही, मग फुटपाथवर रचून ठेवतात, दुपारभर तिथेच. फ्रिजमध्ये जातात त्या फक्त वरच्या तीस-चाळीस बाटल्या. तुम्हाला जी थंडगार बाटली मिळते ती काल दिवसभर उन्हात तापलेली असू शकते, आणि ते ओळखायचा काही मार्ग नाही. मी स्वतः माल आत घेतो, पण २०० चौरस फुटांत किती घेणार?

मार्चपासून मे पर्यंत माझा गल्ला या मालावर चालतो, हेही खरं सांगतो. २० रुपयांची बाटली सगळ्यात जास्त शाळकरी मुलं नेतात. २०२४ च्या जुलैत विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळेच्या ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी करू असं सांगितलं होतं. आमच्या लाइनीत त्यावर पाच दिवस चर्चा झाली, नंतर कुणी विषय काढला नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय, गणवेशातल्या मुलाला ती बाटली देत नाही. पोरं शेजारच्या दुकानात जातात. माझी बायको म्हणते जाऊ देत.

सोसायटीच्या क्रेट घेणार असाल तर आदल्या दिवशी उतरवून घेऊ नका, आणि पार्किंगमध्ये उन्हात ठेवू नका. बाटली बनल्याची तारीख झाकणाजवळ असते, ताजी मागा.

दातांची_डॉक्टर | १९ एप्रिल, रात्री ११:४५

दादा, गणवेशातल्या मुलाला देत नाही हे वाचून खूप बरं वाटलं. मनापासून सांगते.

शेवंती | २० एप्रिल, पहाटे ५:२०

मी इथे फारशी लिहीत नाही. यजमानांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. आज त्यांना सातला न्यायचंय, म्हणून उठलेय.

त्यांना कोला फार प्रिय. मूत्रपिंडं गेल्यावर आहारतज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी काळं कोला पूर्ण बंद सांगितलं. कारण ३३८, फॉस्फोरिक आम्ल. डाळीतलं फॉस्फरस शरीर जेमतेम निम्मं घेतं, पण हे असं घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, आणि त्यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. मग रक्तात साठतं, हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, अंगाला रात्रभर खाज. ती खाज मी बघितलीय. पाठीवर ओरबाडून रक्त काढायचे झोपेत.

निरोगी माणसाला एवढं नसेल, पण घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर काळ्या कोलाच्या बाटलीवर ३३८ आहे का बघा. पाहुणे प्रेमानं ग्लास पुढे करतात आणि माणूस नाही म्हणत नाही. पाण्यावरही बंधन असल्यामुळे त्यांना तहान असह्य होते. मी लिंबाचा एक थेंब टाकून बर्फाचे अगदी छोटे तुकडे करून ठेवते, एक तुकडा दहा मिनिटं तोंडात धरतात. अबोली, तुमच्या सोसायटीत शर्यती बघायला आजी-आजोबाही येतील ना, म्हणून लिहिलं.

अबोली_पुणे | २० एप्रिल, सकाळी ८:१५

शेवंतीताई, तुम्ही पहाटे उठून हे लिहिलंत. आमच्या मजल्यावरच एक आजोबा डायलिसिसवर आहेत आणि गेल्या वर्षी मीच त्यांना ग्लास नेऊन दिला होता. मला माहीतच नव्हतं.

कोथरूड_डेपो | २० एप्रिल, सकाळी ११:००

हाडांवरून आठवलं. कोला प्यायल्यानं हाडं ठिसूळ होतात हे खरं का? माझ्या मुलीचं मनगट १४ व्या वर्षी साध्या पडण्यानं मोडलं.

आणि डाएट प्रकार घेतला तर साखरेचा प्रश्न सुटतो का? नवऱ्याला साखर आहे, तो रोज एक कॅन घेतो.

प्रयोगशाळा_३० | २० एप्रिल, दुपारी १२:३०

हाडांबद्दल अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीतून २००६ मध्ये निष्कर्ष आले. रोज कोला घेणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी दिसली, पुरुषांत तसं दिसलं नाही, आणि कोला सोडून इतर शीतपेयांतही दिसलं नाही. यावरून कोलानंच हाड ठिसूळ झालं असं सिद्ध होत नाही. मुलीच्या बाबतीत मी आधी विचारेन, कोलानं दुधाची जागा घेतली का? ती ऊन घेते का? डी जीवनसत्त्व तपासून घ्या.

डाएटचं. ९५१, अ‍ॅस्पार्टेम. २०२३ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला "कदाचित कर्ककारक" अशा २ब गटात टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या सबंध पानाचा अर्क आणि पारंपरिक आशियाई पद्धतीनं आंबवलेल्या भाज्याही आहेत. हा गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. त्याच दिवशी संघटनेच्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं दिवसाला किलोमागे ४० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरा, तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला ९ ते १४ कॅन लागतील. यजमानांचा एक कॅन त्यात कुठेच येत नाही. मात्र फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना अ‍ॅस्पार्टेम अजिबात चालत नाही, तशी सूचना वेष्टनावर असते. आणि त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेनं असंही सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नका, दीर्घकाळात फायदा दिसत नाही. साखरेच्या रुग्णांना ती शिफारस लागू नव्हती, म्हणून यजमानांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

कोलाचा तपकिरी रंग राहिला. १५०डी, अमोनिया आणि सल्फाइट वापरून केलेला कॅरॅमल. आपण घरी साखर करपवतो तसा नाही. तो बनताना ४-मिथाइल इमिडाझोल नावाचा पदार्थ थोडा तयार होतो, तोही २ब गटात. कॅलिफोर्नियानं त्यासाठी दिवसाला २९ मायक्रोग्रॅमची रेघ आखली, त्यापुढे इशारा छापावा लागतो, तेव्हा २०१२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी रंग बनवण्याची पद्धत बदलली. ठरवलं तर बदलता येतं, एवढं त्यातून दिसलं.

पण मला विचाराल तर या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट यादीत दुसऱ्या क्रमांकावर, साध्या शब्दात छापलेली असते. साखर. कोलात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम. ६०० मिलीच्या बाटलीत ६३ ग्रॅम, म्हणजे भरलेले बारा-तेरा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात मोठ्या माणसासाठीही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असणं सर्वात चांगलं. वेष्टनावर १०० मिलीचा आकडा असतो, माणूस तो वाचून "दहाच ग्रॅम" म्हणतो आणि बाटली संपवतो. गुणाकार करायला हवा. ३०० नंबरच्या मागे लागून साखर नजरेआड होत असेल तर आपण चुकीच्या ठिकाणी बघतोय.

विनय_को | २० एप्रिल, दुपारी १:१०

हा शेवटचा परिच्छेद मला पूर्ण मान्य. काल मी "सरकारमान्य" म्हणून विषय संपवला होता. साखरही मान्यच आहे, हे लक्षात आलं नव्हतं.

पर्वती_पायथा | २० एप्रिल, संध्याकाळी ७:४०

खेळून आल्यावर मग द्यायचं काय? आमच्या मेडिकलमध्ये ओआरएस नावाची टेट्रापॅक मिळायची, ती बरी असं वाटायचं.

दातांची_डॉक्टर | २० एप्रिल, रात्री ९:००

त्यातल्या बऱ्याच पॅकमध्ये साखर खऱ्या ओआरएसच्या कितीतरी पट असायची. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायलाच मनाई केली. खऱ्या पुडीत एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतं. ते जुलाबासाठी. दीड-दोन तास खेळणाऱ्या मुलाला साधं पाणी, घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेला मठ्ठा आणि एक केळं पुरतं. मठ्ठा दातांनाही बरा.

अबोली_पुणे | २६ एप्रिल, रात्री १०:१५

मीटिंग झाली. जसं झालं तसं सांगते.

मी बाटली घेऊनच गेले होते आणि फोटो मोठा करून सगळ्यांच्या फोनवर आधीच पाठवला होता. रसायनांचं दोनच वाक्यांत सांगितलं, मग ६०० मिलीची बाटली टेबलावर ठेवली आणि शेजारी वाटीत चमच्यानं साखर मोजली. तेरा चमचे. नवव्या चमच्याला खोली शांत झाली.

कोषाध्यक्ष म्हणाले, मुलं हिरमुसतील, आणि दरवर्षी देतो ते अचानक बंद केलं तर लोक मला विचारतील. त्यावर बराच वेळ गेला. शेवटी असं ठरलं : ऑरेंजच्या दोन्ही क्रेट रद्द. मुलांसाठी कोकम सरबत, सोसायटीतच करायचं. कोलाची एक क्रेट मोठ्यांसाठी राहील, कारण तिघे-चौघे ऐकेनात. मजल्यावरच्या आजोबांच्या सुनेला मी वेगळं भेटून ३३८ चं सांगितलं. तिला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं.

मुलाची झोप पाचव्या दिवशी रुळावर आली, दहाला डोळे मिटतो. टपरीवर अजून थांबतो मित्रांबरोबर, लिंबू सरबत घेतो म्हणाला. मी मागे लागून तपासत नाहीये. दातांवर फ्लोराइडचा लेप लावलाय, दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

आता ९० मुलांचं कोकम. आधी बाजारातलं तयार सिरप आणणार होते, तर त्यावरही २११ आणि लाल रंग! प्रमाण सांगा कुणीतरी.

शेवंती | २६ एप्रिल, रात्री १०:५०

सिरप नको, आगळ आणा. रत्नागिरीकडचा, घटक म्हणून फक्त कोकम आणि मीठ लिहिलेला. ९० मुलांना छोटा ग्लास, १५० मिली धरला तर साडेतेरा लिटर लागेल. आगळ दीड लिटर, पाणी बारा लिटर, साखर ८०० ग्रॅम. भाजलेल्या जिऱ्याची पूड तीन मोठे चमचे. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका, आधी चव घ्या.

प्रयोगशाळा_३० | २६ एप्रिल, रात्री ११:१०

हिशेब करून पाहिला, ग्लासाला नऊ ग्रॅमच्या आत साखर बसते. तेवढ्याच कोलात सोळा असती. उसाच्या रसाच्या फंदात पडला नाहीत ते बरं, त्यातली साखर कोल्ड्रिंकपेक्षा कमी नसते.

बर्फाचं बघा. कारखान्यातली लादी आणू नका. खायचा नसलेला बर्फ २०१८ पासून निळसर करायचा नियम आहे, पण वितळत आलेल्या लादीत तो निळा रंग ओळखू येत नाही. पाणी आदल्या रात्री गाळून उकळून घ्या, घरोघरच्या फ्रीजमध्ये दोन-दोन ट्रे लावायला सांगा. एवढ्या घरांतून पुरेसा होईल.

बिबवेवाडी_किराणा | २६ एप्रिल, रात्री ११:४०

आगळ माझ्याकडे आहे, सावंतवाडीचा, एक लिटरच्या बाटल्या. दुकानात सावलीतच ठेवलाय. ताई, दोन बाटल्या बाजूला काढून ठेवतो, ३० तारखेला संध्याकाळी कुणाला तरी पाठवा.

अबोली_पुणे | २७ एप्रिल, सकाळी ६:५५

मुलालाच पाठवते सायकलवर. दादा, त्याला सुटे पैसे देऊन पाठवेन, बाकीच्या पैशात काय घेतो ते त्याचं त्याला ठरवू द्या.